नवव्या दिवसाचं औषध

उपकेंद्रात उवांचं औषध मागायला सहसा कुणी येत नाही. अंगात कसकस आहे, खोकला जात नाही, बीपीच्या गोळ्या संपल्या, असं काहीतरी सांगत बाई येते, गोळ्या घेते, दारापर्यंत जाते आणि तिथून वळून हळूच विचारते, "सिस्टर, पोरीच्या डोस्क्याला लावायला काई असतं का?" बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. लसीकरण, बाळंतपणं, हिवतापाच्या स्लाइडी, कुटुंब नियोजनाच्या नोंदी या सगळ्याला रजिस्टर होतं. उवांना नव्हतं. पण रात्रभर डोकं खाजवून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या पोरी मी घरोघरी पाहिल्या, आणि त्यांच्या आयांची त्यापायी होणारी कुचंबणाही पाहिली. या कामाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

एकदा एक आजी नातीला घेऊन आल्या. पोर आठ-नऊ वर्षांची. तिच्या मानेमागं, केस संपतात तिथं, दोन-तीन गाठी हाताला लागत होत्या. भावकीत कुणाला तरी गाठींचा क्षय निघाला होता, तेव्हा आजींच्या मनात तेच. मी पोरीला दाराच्या उजेडात पाठमोरी बसवलं, दोन्ही वेण्या सोडल्या आणि कानामागचे केस बाजूला केले. प्रत्येक केसाला मुळाशी पांढुरक्या लिखा चिकटलेल्या. मानेवर खाजवून फोड आलेले, त्यांतून पाणी येऊन खपली धरलेली आणि त्या खपलीत केस अडकलेले. बोटानं आणखी थोडे केस दुभागले तशी एक मोठी ऊ उजेड चुकवून आत पळाली. नखांनी कातडी फाटते, त्यात जंतू जातात आणि त्या फोडांपायी मानेमागच्या गाठी सुजतात. तरी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, कारण गाठ उतरते की नाही हे बघावंच लागतं. डॉक्टरांनी फोडांचं औषध दिलं, डोकं साफ करायला सांगितलं, आणि काही आठवड्यांत गाठी बसल्या. क्षय नाही म्हटल्यावर आजींचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, "उवांचं काय बाई, त्या तर घरात समद्यांच्याच डोस्क्यात हायेत."

समद्यांच्याच! सगळी गोम तिथंच आहे. घरात एका लेकराच्या डोक्यात उवा सापडतात, कारण ते लेकरू शाळेतून घरी पाठवलेलं असतं किंवा पाहुण्यांसमोर खाजवत असतं. मग त्या एकट्याला औषध लावतात. रात्री तेच लेकरू आजीच्या कुशीत, बहिणीच्या डोक्याला डोकं लावून, एका वाकळेखाली झोपतं. दोन आठवड्यांनी डोक्यात पुन्हा तेवढ्याच उवा. मग "औषधच खोटं" असं म्हणून बाटली कोपऱ्यात जाते.

ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. तिच्या सहा पायांना आकड्या असतात, त्यांनी ती केस धरून चालते आणि एका डोक्याचे केस दुसऱ्या डोक्याला लागले की पलीकडे जाते. मोठी ऊ तिळाएवढी. मादी महिनाभर जगते आणि दिवसाला सात-आठ लिखा घालते. केसाच्या मुळापासून पाव इंचाच्या आत ती लीख अशी चिकटवते की नुसतं पाणी ओतून ती निघत नाही. सहा ते नऊ दिवसांत लीख फुटते, बाहेर आलेलं पिल्लू आठवड्या-दीड आठवड्यात मोठं होतं आणि स्वतः लिखा घालू लागतं. डोक्यावरून खाली पडलेली ऊ मात्र रक्त न मिळाल्यानं एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्या-मांजराच्या अंगावर ती राहत नाही. एवढी माहिती घरातल्या बाईला नीट सांगितली, की निम्मी भीती जाते आणि पुढं काय करायचं हे तिचं तिलाच उमजू लागतं.

खाज हेही फसवं लक्षण आहे. ज्याला पहिल्यांदाच उवा होतात, त्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून "याला काई खाजत न्हाई" हे ऐकून मी कधी थांबत नसे. विशेषतः मुलगे. त्यांचे केस बारीक कापलेले, तेव्हा त्यांचं डोकं कुणी बघतच नाही. कानाच्या वरच्या बाजूला आणि मानेच्या खळग्यात बघितलं की दोन-चार सापडतात, आणि बहिणींना पुन्हा उवा होतात त्या तिथून.

आमच्या भागातल्या घरांची आणखी एक अडचण होती. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत अडकलेली, तेव्हा आई-बाप पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात आणि चैत्रापर्यंत घरी नसतात. शाळेतली लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. आता लीख बघायची तर तरुण डोळे लागतात. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्या लेकराला जवळ घेतात, तेल चोपडतात, घट्ट वेणी घालतात, जीव लावतात. पण केसाच्या मुळाशी चिकटलेला तो पांढरा कण त्यांना दिसतच नाही. मग ते काम बारा-तेरा वर्षांच्या थोरल्या बहिणीवर येतं. ती धाकट्यांची डोकी बघते. तिचं कोण बघणार? अशा घरांतल्या थोरल्या पोरींच्या डोक्यात मला सगळ्यांत जास्त उवा मिळाल्या आहेत. पोरगी पाणी भरते, भाकरी थापते, भावंडांना शाळेत नेते आणि स्वतःचं डोकं रुमालात बांधून ठेवते. तिच्याकडे बघून "स्वच्छता पाळत जा" असं कुणी म्हणालं की मला राग येई. धुतलेल्या केसांतही ऊ तितकीच सुखानं राहते. शहरातल्या चांगल्या बंगल्यांतल्या लेकरांनाही उवा होतात. आमच्या पोरीपाशी डोकं बघायला बसणारं माणूस नव्हतं, आणि केस धुवायला पाणी नव्हतं. उन्हाळ्यात टँकर आला की पाणी आधी पिण्याला, मग जनावरांना आणि उरलं तर न्हायला.

घरातल्या उपायांबद्दल बोलते, कारण यातल्या काहींचे परिणाम मी डोळ्यांनी पाहिले आहेत. रॉकेल तर जुनंच. डोक्याला रॉकेल चोळून पोरगी चुलीपुढं बसते, याहून वाईट काय सांगू. डांबरगोळी कुटून खोबरेल तेलात घालतात, कुणी तेवढाच कापूर घालतात. दोन्ही लहान लेकरांना विषारी आहेत. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि ज्यांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते अशा लेकरांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीनं फुटतात. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं. पूर्वी बीएचसी या कीटकनाशकाची पावडर सर्रास डोक्यात टाकत. भारतात १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे, पण सवय गेली नाही, पावडर गेली आणि दुसरी बाटली आली. पिकावर मारायचं औषध डोक्याला लावलं तर ते कातडीतून अंगात उतरतं. लेकरू घामाघूम होतं, लाळ गळते, बाहुली बारीक होते. तशा वेळी अंगावरचे कपडे काढून, साबणानं डोकं आणि अंग धुऊन, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा लागतो.

आणि सीताफळाच्या बिया. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या डोंगरात ती झाडं कुठंही उगवतात, आणि बिया वाळवून ठेवणं हे प्रत्येक घरात. त्या बियांची पूड उवा मारते यात खोटं काही नाही. पण तीच पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं तर बुबुळाचा वरचा पडदा सोलवटतो. एका बाईनं पोरीच्या डोक्याला पूड लावली, डोकं बांधलं आणि न्हाऊ घालताना पाणी कपाळावरून खाली आलं. रात्रभर पोरगी डोळा उघडेना, नुसती ओरडत होती. सकाळी माझ्याकडे आणली तेव्हा डोळा लालभडक आणि सतत वाहता. मी भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुतला आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. डोळा वाचला. तेव्हापासून सीताफळाच्या मोसमात मी प्रत्येक माता-बैठकीत हे सांगत आले.

औषध म्हणून आम्ही वापरायचो ते परमेथ्रिन, एक टक्क्याचं. हा टक्का बघून घ्यावा लागतो, कारण पाच टक्क्यांचं मलम खरजेसाठी असतं आणि दोन्ही डब्यांवर नाव तेच. औषध कधी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळे, कधी मेडिकलमधून आणायला सांगावं लागे. बाटली लहान. घरी पाच डोकी, त्यांतली तीन कमरेपर्यंत केसांची. मग बायका काय करतात, तर एकच बाटली थोडी थोडी सगळ्यांना पुरवतात. तशानं कुणाच्याच उवा मरत नाहीत. मी सांगत असे, पैसे कमी असतील तर सगळ्यांची डोकी आधी फणीनं बघा, जिवंत ऊ दिसली त्यालाच औषध लावा, पण त्याला पुरेपूर लावा आणि बाकीच्यांना फणी चालवत राहा.

त्या गाठीवाल्या पोरीच्या घरी मी एका बाजाराच्या दिवशी गेले. आजी, आजोबा, त्यांची विधवा लेक, तीन नाती आणि एक नातू. आजोबांनी डोक्यावरचा पटका काढून आपणहून डोकं पुढं केलं, ते मला फार आवडलं; बाकी घरांत पुरुष उठून बाहेर जातात. आदल्या दिवशीच निरोप दिला होता, की कुणी डोक्याला तेल लावू नका. सकाळी साध्या शाम्पूच्या पुडीनं केस धुऊन, पंचानं टिपून ओलसर ठेवले. मग बाजेवर उताणं झोपवून, डोकं बाजेच्या कडेबाहेर, डोळ्यांवर चार पदरी घडी केलेला पंचा, आणि औषध कानामागून मानेकडे, मुळाशी चोळत. दहा मिनिटं घड्याळावर. नंतर डोकं बादलीवर खाली वाकवून धुतलं. न्हाणीत बसवून धुतलं तर औषध सगळ्या अंगावरून वाहतं आणि पाणीही दुप्पट लागतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याला औषध नाही, फक्त फणी. आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही लावत नसे.

मग फणी. सुया-बिब्बे विकायला येणाऱ्या बायकांपाशी लाकडी दुतोंडी फणी मिळायची, आता बाजारात स्टीलच्या बारीक दातांची मिळते आणि ती जास्त चांगली. केसांचे चार भाग करायचे, एकेक बट घ्यायची, फणीचे दात कातडीला टेकवायचे आणि टोकापर्यंत एका ओढीत आणायचे. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कापडावर पुसायची. थोरल्या पोरीच्या पहिल्या बटेतच कापडावर दोन मोठ्या उवा आणि बारीक पिलं हलताना दिसली. धाकट्या भावंडांनी ती मारायला गर्दी केली. आजी मात्र गप्प झाल्या. त्यांना तोवर वाटत होतं, की आपण रोज वेणी घालतो म्हणजे पोरीचं डोकं बघतो. मी त्यांना म्हटलं, "आजी, तुमचे हात चालवा, डोळे मावशी चालवील." मग त्या बटा धरून बसल्या आणि पोरींची मावशी फणी ओढू लागली. लांब दाट केसांना तासभर लागतो. घरातल्या बाईनं हा तास कुठून काढायचा, हा उवांच्या बाबतीतला खरा प्रश्न आहे.

अंथरुणाचं फार कुणी मनावर घेऊ नये. वाकळा भिजवून धुवायला हंडेच्या हंडे पाणी लागतं आणि ते नाही म्हणून कित्येक बाया सगळंच सोडून देतात. अलीकडं वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढण्या, रिबिनी आणि फण्या कडकडीत पाण्यात घालाव्यात. बाकीचं सगळं दोन दिवस न वापरता उन्हात टाकलं तरी भागतं. घरात कीटकनाशक फवारायची गरज नसते.

निघताना मी फक्त एक गोष्ट दोनदा सांगितली: नववा दिवस. औषधानं उवा मरतात, सगळ्या लिखा मरत नाहीत. राहिलेल्या लिखा नऊ दिवसांत फुटतात, आणि त्यांतून आलेली पिलं लिखा घालण्याआधीच दुसऱ्यांदा औषध लागायला हवं. आधी लावलं तर काही लिखा फुटायच्या राहतात, फार उशिरा लावलं तर नव्या लिखा पडलेल्या असतात. आमच्याकडे तारखेपेक्षा बाजार पक्का, म्हणून मी हिशेब तसा घालून दिला: आज मंगळवार, बाजार. पुढचा बाजार होऊ द्या, एक दिवस सोडा आणि गुरुवारी पुन्हा. पहिल्या औषधानं खाज कमी होते, पोरगी शांत झोपते, आणि घर नववा दिवस विसरतं. बहुतेक घरांत उवा परत येतात त्या इथं. त्या घरी मी गुरुवारी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. मावशीनं पाणी आधीच तापवून ठेवलं होतं.

औषध परवडत नसेल, किंवा लावूनही दुसऱ्या दिवशी उवा तशाच जोमानं पळताना दिसल्या, तर तेच औषध पुन्हा पुन्हा लावत बसू नये. काही ठिकाणच्या उवांवर ते चालत नाही. डॉक्टरांना दाखवावं. नुसत्या फणीनंही काम होतं: केस ओले करून, भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून, पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी सगळं डोकं विंचरायचं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा लोकांना हीच पद्धत सांगते. तेलानं उवा मरतात असं मी म्हणणार नाही, पण फणी सरसर चालते.

आता शाळेबद्दल. एका शाळेत उवा असलेल्या मुलींना वेगळ्या रांगेत बसवत. दुसऱ्या एका वसतिगृहात सुट्टीहून आलेल्या मुलींचे केस सरसकट कापले गेले. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला गावात बोडकं डोकं घेऊन फिरावं लागतं तेव्हा तिला काय वाटतं हे मी पाहिलं आहे. त्यांतली एक पोरगी पुढं शाळेत गेलीच नाही. त्या वर्षी ती आईबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेली. डोक्यातली ऊ कुठलाही आजार पसरवत नाही. टायफस पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ, आणि ते शोधून काढल्याबद्दल शार्ल निकोल यांना १९२८ चं नोबेल मिळालं. डोक्यातल्या उवेसाठी मुलीला शाळेबाहेर काढण्याचं वैद्यकीय कारण नाही. तिच्या घरी संध्याकाळी कुणी नीट शब्दांत निरोप दिला तर बास.

दुर्लक्ष फार वाढलं की काय होतं, तेही सांगते. उवा, खाज, फोडांतलं पाणी आणि न विंचरलेले केस मिळून केसांचा गुंता घट्ट होतो आणि एक दिवस विंचरायला घेतलं तर फणी शिरतच नाही. घरातलं कुणी म्हणतं, जट आली. तिथून पुढं ती देवीची होते. फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. अशा कित्येक मुली पूर्वी देवदासी म्हणून यल्लम्माला सोडल्या गेल्या. महाराष्ट्रात देवदासी निर्मूलनाचा कायदा २००५ साली झाला, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बायकांना समजावून जटा कापल्या आहेत. माझ्या हद्दीत एका मुलीची जट अशीच सोडवली. आईची एकच अट होती, आधी देवीला नैवेद्य. आम्ही थांबलो. तिनं नैवेद्य दाखवला, मग पोरीला स्वतः मांडीशी घेतलं. जट कापल्यावर खाली डोक्याची कातडी ओली, फोडांनी भरलेली आणि उवांनी वळवळत होती. आई पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढं दुखत आसल व्हय गं तुला?" पोरगी नुसती रडली. महिन्याभरात कातडी भरून आली.

चैत्रात टोळ्या परतल्या की आमचं काम पुन्हा पहिल्यापासून. कारखान्यावरच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, दाटीनं झोपलेली धाकटी लेकरं उवा घेऊन येतात आणि घरी राहिलेल्या साफ डोक्यांना देतात. त्या आयांना मी कधी बोल लावला नाही. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या आणि अंधार पडल्यावर डोक्यावर उसाचे वाढे घेऊन येणाऱ्या बाईनं लेकराचे केस कधी विंचरायचे? पण निघताना गाठोड्यात एक स्टीलची फणी टाकायला मी सांगत असे, आणि पाऊस पडून तोड बंद राहील तो दिवस डोकी बघायला ठेवा म्हणत असे. काही जणींनी ते केलं.

जिथं जिथं टोळ्या निघतात तिथल्या शिक्षकांना, आशाताईंना आणि माझ्या जागी आता काम करणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे. दिवाळीआधी, आया घरी असतानाच, गावात एक दिवस ठरवा. सगळ्या घरांनी, मुलं-मुली आणि मोठी माणसं धरून, त्याच दिवशी डोकी बघायची आणि औषध लावायचं. ज्या घरात आजीला दिसत नाही तिथं शेजारणीला बसवा. आणि कॅलेंडरवर नववा दिवस तेव्हाच खूण करून ठेवा.